फळ्यावर लिहिलेलं असतं, तरी मुलं विचारतात, ‘काय करायचं?’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सातवीचा वर्ग आहे, पन्नासेक मुलं आहेत, त्यांतल्या बहुतेकांना धडा घडाघडा वाचता येतो. पण छापील कृतिपत्रक हातात दिलं की अर्ध्या मिनिटात टेबलाभोवती घोळका जमतो, ‘सर, काय करायचं?’ चाचणीत ‘कोणतेही दोन सोडवा’ असेल तर कुणी चारही सोडवतो, कुणी पहिलाच सोडवून थांबतो. ‘जोड्या लावा’ म्हटलं की ‘अ’ गट आणि ‘ब’ गट सुवाच्य अक्षरात जसेच्या तसे उतरवले जातात. हे कच्चं वाचन, लक्ष नसणं की नुसती बेफिकिरी, असं तुम्ही विचारलंत.

मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शिक्षक कमी असले की मराठीचे तासही माझ्याकडे येतात, त्यामुळे हा घोळका मला दोन्ही विषयांत भेटलेला आहे. या मुलांना मी बेफिकीर म्हणणार नाही. मला ती हिशेबी वाटतात. सूचना स्वतः वाचायला मिनिटभर लागतं आणि चुकण्याची भीती असते. सरांना विचारलं तर पाच सेकंदांत खात्रीचं उत्तर मिळतं. आणि विचारलं नाही तरी सर थोड्या वेळाने ती सूचना मोठ्याने वाचणार, समजावून सांगणार, पहिला प्रश्न फळ्यावर सोडवूनही दाखवणार. पहिलीपासून हेच पाहिलेलं मूल छापील ओळ कशाला वाचेल? त्या ओळीला वर्गात काही कामच उरलेलं नसतं.

अर्थात पन्नासच्या पन्नास मुलांचं कारण हेच असेल असं नाही. वरून एकसारखं दिसणारं हे वागणं निदान तीन वेगळ्या कारणांनी होतं आणि उपायही वेगवेगळे आहेत. म्हणून आधी थोडी पाहणी करा. घोळक्यात नेहमी दिसणारी मुलं एकेक करून बाजूला बोलवा. एका चिठ्ठीवर लिहा: ‘वहीच्या शेवटच्या पानावर आजची तारीख लिहा. तारखेखाली रेघ ओढा. वही बंद करून खिडकीत ठेवा.’ चिठ्ठी मुलाला वाचू द्या, मग विचारा, ‘काय करायचंय ते तुझ्या शब्दांत सांग.’ मग करू द्या. नंतर तेवढीच लांब दुसरी सूचना फक्त तोंडी सांगा.

तोंडी सांगितलेलं नीट करतो पण चिठ्ठीवर अडतो, त्याचं वाचन अजून कच्चं आहे. असं मूल धडा घडाघडा वाचतं तेव्हा बरेचदा तो धडा त्याला ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. ज्याच्याकडून तोंडी सूचनाही दुसऱ्या टप्प्यावर सुटते, त्याला एका वेळी इतकं डोक्यात धरता येत नाही किंवा त्यातली भाषा परकी वाटते. आणि एकटं असताना दोन्ही चोख करणारं मूल वर्गात मात्र टेबलाशी येतं, त्याला फक्त सवय नाही. माझ्या वर्गांत ही तिसरी जमात नेहमी सगळ्यात मोठी निघाली. तुमच्याकडे प्रमाण वेगळं असू शकेल. घरी अहिराणी, पावरी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणारी मुलं जास्त असतील, तर ‘अधोरेखित’, ‘विसंगत’, ‘सकारण’ हे शब्द त्यांना सूचनेच्या दारातच अडवतात. तिथे आधी शब्दांवर काम करावं लागतं.

याच पाहणीत एक गोष्ट न विसरता बघा. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेणारं मूल दिसलं, तर अध्यापनाचे सगळे उपाय बाजूला ठेवा आणि आधी डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला शाळेत येतं, त्यांच्यापुढे अशी नावं तयार ठेवावीत. आणि एखादं मूल तोंडी उत्तम बोलतं, पण वर्षभर प्रयत्न करूनही वाचन पुढे सरकत नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवा. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पालक सुरुवातीला नाखूश असतात, तरी सातवीत सुरुवात केलेली बरी, दहावीच्या जानेवारीत धावपळ नको.

आता त्या मोठ्या, हिशेबी जमातीकडे येऊ. इथे पहिला बदल शिक्षकाने स्वतःत करायचा असतो आणि तोच अवघड जातो. गप्प बसायचं. कृतिपत्रक वाटलं की दोन मिनिटं सगळ्यांची पेनं बाकावर, हात रिकामे, नुसतं वाचायचं. त्या वेळात मीही बोलत नाही. नंतर मुलं आलीच, तर मी उत्तर देत नाही, त्या ओळीवर बोट ठेवते. सुरुवातीचे काही दिवस हे फार कंटाळवाणं असतं. ‘बाई, समास सोडायचा का? प्रश्न लिहून घ्यायचा का? पेनानं की पेन्सिलीनं?’ ही सरबत्ती थांबत नाही. वर्ग मागे पडतोय असं वाटतं आणि मोह होतो की सांगून टाकावं. तेवढं सांभाळलं तर दोन-तीन आठवड्यांत घोळका पातळ होतो.

विचारायला बंदी मात्र करू नका. बंदी केली की बुजरं मूल शेजाऱ्याचं बघून लिहितं आणि आपल्याला वाटतं, जमलं. माझ्या वर्गात विचारायची एक रीत आहे: कुठे अडलं ते सांगून विचारायचं. ‘काय करायचं?’ याला उत्तर मिळत नाही. ‘दुसऱ्या ओळीतला वर्गीकरण म्हणजे काय?’ याला लगेच आणि आनंदाने मिळतं. या फरकातच बरंचसं शिकणं होऊन जातं, कारण कुठे अडलं ते सांगायचं तर आधी वाचावं लागतं.

पूर्वी दहावी-बारावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात यायची. २०२३ पासून ते बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली गेली. पेपरफुटीच्या दृष्टीने ते ठीक असेलही, पण सक्तीने नुसतं वाचत बसायची तेवढी एक जागा होती, ती गेली. म्हणून आता ती सवय शाळेतच लावावी लागते, आणि दहावीत गेल्यावर नव्हे.

एका प्रसिद्ध युक्तीबद्दल मुद्दाम सांगते, कारण कुणीतरी तुम्हाला ती सुचवणारच. वीस सूचनांचा कागद द्यायचा, पहिली सूचना ‘आधी सगळं वाचा’, मध्ये उड्या मारा, टाळ्या वाजवा, आणि शेवटची ‘फक्त नाव लिहून कागद परत द्या’. मुलं फसतात, वर्ग हसतो. गंमत म्हणून एकदा ठीक आहे. पण यातून मूल एवढंच शिकतं की बाई फसवतात. खऱ्या सूचना अशा नसतात. खरी सूचना पाळली नाही तर वस्तू बिघडते, आणि हे मुलाला स्वतःला दिसलं पाहिजे.

म्हणून मी सुरुवात अशा कामांपासून करते जिथे चूक दाखवायला मी लागत नाही. कागदाची पिशवी किंवा पाकीट घडीच्या सूचना वाचून करायचं. चौथी घडी चुकली की पिशवी उभीच राहत नाही. लिंबू सरबत करायचं, प्रमाण चिठ्ठीवर लिहिलेलं, आणि केलेलं स्वतः प्यायचं. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातल्या ‘करून पहा’ चौकटी यासाठी आयत्या मिळतात. आपण त्या बहुधा वाचून दाखवतो आणि निष्कर्ष सांगून मोकळे होतो. त्याऐवजी साहित्य गटांपुढे ठेवा, पुस्तक उघडं ठेवा आणि बाजूला व्हा.

माझा सगळ्यात आवडता धडा ओआरएसच्या पाकिटाचा आहे. रिकामी पाकिटं गोळा करते, आणि त्यावरचा मजकूर बरेचदा इंग्रजी-हिंदीत असल्याने सूचना मराठीत लिहून देते: पूर्ण पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवावे, तयार द्रावण २४ तासांच्या आत वापरावे, उरलेले टाकून द्यावे. मग प्रश्न विचारते. घरात फक्त पेला आहे, तर अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात चालेल का? काल संध्याकाळी सहाला केलेलं आज रात्री आठला देता येईल का? सूचनेत यांची थेट उत्तरं नाहीत, ती काढावी लागतात. आणि मग ‘का?’ येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे पाकिटात २०.५ ग्रॅम मिश्रण असतं: १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ते एक लिटरसाठी बेतलेलं आहे. पाणी कमी घेतलं तर द्रावण जास्त तीव्र होतं आणि जुलाब झालेल्या बाळाचा त्रास उलट वाढू शकतो. एवढं कळल्यावर ‘पूर्ण’ आणि ‘एक लिटर’ हे शब्द मुलांना निरर्थक वाटत नाहीत. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या मुलांना हेच काम दिलं होतं. ज्यांना निदान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांच्यातल्याही साधारण दोन तृतीयांश मुलांनाच चारपैकी किमान तीन प्रश्नांची बरोबर उत्तरं देता आली. म्हणजे वाचता येणं आणि वाचून वागता येणं यांत जे अंतर तुम्हाला वर्गात दिसतंय, ते तुमच्या वर्गापुरतं नाही.

सवय लागली की मग परीक्षेतल्या सूचना घ्या. त्यांची घडणच अवघड असते. उदाहरणार्थ, ‘पुढील उताऱ्यातील अधोरेखित शब्दांऐवजी समानार्थी शब्द वापरून वाक्ये पुन्हा लिहा.’ मूल डावीकडून वाचत येतं, ‘समानार्थी शब्द’ दिसले की थांबतं आणि नुसते समानार्थी शब्द लिहून मोकळं होतं. मुख्य काम, म्हणजे ‘लिहा’, शेवटी आहे. तिथवर नजर पोचलेलीच नसते. म्हणून मी मुलांना सूचना शेवटून पकडायला शिकवते. शेवटचं क्रियापद कोणतं? लिहा. काय लिहा? वाक्ये. कशी? शब्द वापरून. कुठले शब्द? अधोरेखित शब्दांऐवजीचे. मराठी सूचनांत मधल्या पायऱ्या ‘वाचून’, ‘निवडून’, ‘वापरून’, ‘बदलून’ अशा रूपांत दडलेल्या असतात. मुलांना सांगायचं की सूचनेत असं रूप दिसलं की ते एक वेगळं काम आहे, ते झालं का बघ. सातवीच्या मुलाला व्याकरणातलं त्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं.

पेन्सिलीने खुणाही करायला लावते. क्रियापदाला गोल, संख्येला चौकोन (‘कोणतेही दोन’, ‘२० ते २५ शब्दांत’), आणि अर्थ उलटा करणाऱ्या शब्दाखाली दुहेरी रेघ: ‘न बसणारा’, ‘वगळून’, ‘अयोग्य’, ‘चूक’. शेवटच्या प्रकारात हुशार मुलंही पडतात, कारण त्यांचा वेग जास्त असतो. आठवीला व्हायची त्या शिष्यवृत्ती परीक्षेत तर काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असायचे आणि दोन्ही रंगवावे लागायचे. गणित बरोबर सोडवलेलं मूल एकच वर्तुळ रंगवून पुढे गेलं की ती मेहनत वाया.

आज्ञार्थी क्रियापदांची यादी भिंतीवर लावतात, तीही मी लावते, पण नुसत्या यादीने काही होत नाही. एकच घटक घ्या आणि आज्ञा बदलत जा. बाष्पीभवन घेऊ. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ याला एक वाक्य पुरे. ‘शास्त्रीय कारण लिहा: माठातील पाणी थंड राहते’ इथे व्याख्या लिहून भागत नाही; माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याचं बाष्पीभवन होतं, त्यासाठी लागणारी उष्णता माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते, अशी साखळी जोडावी लागते. ‘बाष्पीभवन आणि उत्कलन यांतील फरक स्पष्ट करा’ म्हटलं की एकाच मुद्द्यावर दोन्ही बाजू समोरासमोर हव्यात: हे कोणत्याही तापमानाला, ते ठरावीक तापमानाला, हे फक्त पृष्ठभागावर, ते सगळ्या द्रवात. ‘दैनंदिन जीवनातील उदाहरणे द्या’ याला ओले कपडे, घाम, मिठागर. चारही उत्तरं शेजारी शेजारी फळ्यावर लिहिली की मुलांना पहिल्यांदा जाणवतं की माहिती तीच असून उत्तर बदललं. नाहीतर ती ‘बाष्पीभवन’ एवढाच शब्द प्रश्नात शोधतात आणि गाईडमधलं पाठ केलेलं सगळं ओतून देतात. तीही बिचारी कुठे चुकतात, त्यांना गुण मिळतातच थोडेफार.

याच्याही पुढे न्यायचं असेल तर मुलांनाच सूचना लिहायला लावा. माझ्याकडे ठिपक्यांची रांगोळी फार चालते. एकाने पाच ठिपके पाच ओळींची साधी रांगोळी काढायची आणि ती कशी काढायची हे शब्दांत लिहायचं, चित्र न दाखवता. दुसऱ्याने फक्त तो कागद वाचून काढायची. मग भांडणं होतात. ‘वरचा ठिपका म्हणजे कुठला वरचा?’ ‘तू डावीकडून मोजायला सांगितलंच नाहीस.’ लिहिणारा कागद परत घेऊन दुरुस्त करतो, ओळींना क्रमांक घालतो, ‘पहिल्या ओळीतला’ असं लिहायला लागतो. रांगोळीत घरी हात बसलेल्या मुली इथे पुढे असतात असं नाही. त्यांना ती येते, म्हणून सांगायच्या पायऱ्या त्या गाळतात. हा तास झाला की छापील सूचनेतला प्रत्येक शब्द कशाला असतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपण शिक्षक ज्या सूचना लिहितो त्यांचीही झाडाझडती घ्या. झेरॉक्सचा खर्च वाचवायला सूचना एका पानावर आणि तक्ता मागच्या पानावर, एका वाक्यात तीन कामं, ‘योग्य ते करा’ सारखी मोघम आज्ञा. अशा वेळी मुलांचं ‘काय करायचं?’ अगदी रास्त असतं. कच्चं वाचन असलेल्या आणि डोक्यात कमी मावणाऱ्या मुलांसाठी एका ओळीत एकच काम द्या, ओळींना क्रमांक द्या, झालेल्या ओळीपुढे बरोबरची खूण करू द्या. पण ही सोय वर्षभर तशीच ठेवू नका. बोर्डाची कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेची प्रश्नपत्रिका, अशी सुटी करून येत नाही, म्हणून दिवाळीनंतर हळूहळू दोन ओळी जोडत जा.

एका ठिकाणी मात्र हे सगळं मी बाजूला ठेवते, ते म्हणजे प्रयोगशाळा. आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल हळूहळू घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही, कारण खूप उष्णता बाहेर पडून द्रव उसळतो. ही सूचना मी फळ्यावर लिहिते, मोठ्याने वाचते, दोन-तीन मुलांकडून वदवून घेते आणि तरीही शेजारी उभी राहते. जिथे चुकीची किंमत हातावर आणि डोळ्यांवर येते, तिथे स्वावलंबनाचा धडा द्यायचा नसतो.

तुमच्या शाळेत हे किती लवकर रुजेल, हे बाकीच्या तासांवरही ठरतं. तुम्ही बोट दाखवताय आणि पुढच्या तासाला दुसरे सर सगळं वाचून समजावताहेत, तर मुलं तुम्हाला खडूस ठरवून मोकळी होतील. त्या वर्गाला शिकवणाऱ्या निदान दोघा-तिघांनी मिळून ठरवावं की पहिली दोन मिनिटं कुणीच काही सांगणार नाही. पालकसभेतही सांगून ठेवा, नाहीतर ‘बाई काही सांगतच नाहीत’ ही तक्रार मुख्याध्यापकांकडे आधी पोचते.

सूचना न पाळल्याबद्दल गुण कापावेत का, असंही कुणी विचारेल. रोजच्या कामात मी कापत नाही. सूचनेच्या ज्या शब्दाकडे दुर्लक्ष झालं त्याला लाल गोल करून कागद परत देते, मूल तेवढंच दुरुस्त करून आणतं आणि पूर्ण गुण मिळतात. घटक चाचणीत मात्र जे विचारलं त्यालाच गुण, आणि हे पहिल्या चाचणीच्या आधीच वर्गात सांगितलेलं असतं. ‘दोन सोडवा’ असताना चार सोडवणाऱ्याचं मी पहिलं-दुसरंच तपासते. तिसरं-चौथं उत्तर कितीही सुंदर असलं तरी त्याच्याकडे बघत नाही. त्यावर मुलं हळहळतात, वाद घालतात, ‘बाई, ते जास्त बरोबर होतं’ म्हणतात. वादाला हरकत नाही, फक्त प्रश्नपत्रिका हातात घेऊन या आणि ती ओळ मला वाचून दाखवा, एवढी माझी अट असते.